‘प्रिव्हेल’ : एका क्रियापदाचा अंमल

शासकीय कागदपत्रांत काही इंग्रजी शब्द असे आढळतात, की एका खात्यात त्यांचा एक अर्थ होतो आणि दुसऱ्या खात्यात अगदी वेगळा. ‘प्रिव्हेल’ हे त्यांपैकीच एक क्रियापद होय. बीडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांची या शब्दाशी वारंवार गाठ पडते.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘प्रे’ म्हणजे पुढे, आणि ‘व्हालेरे’ म्हणजे बलवान असणे. इतरांहून बळ अधिक असणे, हा या जोडशब्दाचा मूळ अर्थ. इ. स. १४०० च्या सुमारास तो इंग्रजीत रूढ झाला. ‘व्हॅल्यू’ आणि ‘व्हॅलिड’ हेही त्याच ‘व्हालेरे’चे वंशज. आपल्या ‘प्राबल्य’ या शब्दाची घडण याच धर्तीची असल्याचे वाचकांच्या ध्यानी येईल.

परंतु जे बलवान ठरते ते पसरते, आणि जे पसरते ते नित्याचे होते. या क्रमाने ‘प्रिव्हेल’ला ‘प्रचलित असणे’ असा दुसरा अर्थ प्राप्त झाला, आणि घोटाळा होतो तो येथेच. पावसाळ्यात बीड जिल्ह्यावर मुख्यतः पश्चिम व नैऋत्य दिशांकडून वारे वाहतात; सह्याद्रीवर बरेचसे पाणी सांडून आल्यामुळे ते येथे पोहोचेपर्यंत कोरडे झालेले असतात. हवामानाच्या इंग्रजी टिपणात अशा वाऱ्यांना हेच विशेषण लावलेले असते. त्याचा अनुवाद ‘प्रबळ वारे’ असा केल्यास शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे वावटळ उभी राहील. मुळात सांगायचे असते ते एवढेच, की बहुतेक वेळा वारा या दिशेने येतो. मग तो मंद का असेना.

आरोग्य खात्यात याच क्रियापदाचे नाम ‘प्रिव्हॅलन्स’ येते. विशिष्ट वेळी लोकसंख्येत एखाद्या रोगाचे जुने-नवे मिळून किती रुग्ण आहेत, याचे ते माप. आपण सवयीने ‘प्रादुर्भाव’ लिहून मोकळे होतो. पण प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणे. वर्षानुवर्षे असलेल्या क्षयाबद्दल असे लिहिले, तर गावात नवी साथ आली असा समज होण्याचा संभव असतो.

कायद्यात मात्र शब्द आपल्या मूळ, लढाऊ अर्थाने उभा राहतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४ नुसार समवर्ती सूचीतील विषयावर संसदेचा व राज्याचा कायदा परस्परविरोधी असल्यास संसदेचा कायदा ‘प्रिव्हेल’ होतो. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, राष्ट्रपतींची अनुमती मिळालेला राज्याचा कायदा त्या राज्यापुरता ‘प्रिव्हेल’ होतो. येथे ‘प्रचलित राहील’ म्हणणे सर्वस्वी चूक ठरेल. दोहोंपैकी कोणता कायदा लागू होणार, हाच प्रश्न असतो. करारपत्राच्या शेवटी दोन भाषांतील मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ‘प्रिव्हेल’ होईल, असे कलम पुष्कळदा असते. मराठी प्रत वाचून अंगठा वा सही करणाऱ्याच्या दृष्टीने सबंध कागदात याहून महत्त्वाचे वाक्य नसेल. ते ‘इंग्रजी मजकूर अभिभावी राहील’ अशा भाषेत लिहिणे म्हणजे न लिहिण्यासारखेच. ‘तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूरच खरा धरला जाईल’ असे लिहिले, तर सही करण्यापूर्वी इंग्रजी प्रत कोणाकडून तरी वाचून घ्यावी, असे त्यास निदान सुचेल.

भाषेचे प्राबल्य म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यास निराळे सांगावयास नको. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी ज्या अंबाजोगाईस आहे, तिचे नाव निजामी राजवटीत मोमिनाबाद होते, आणि दप्तराची भाषा उर्दू होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला. दप्तर मराठी झाले, शब्द मात्र सगळेच गेले नाहीत. ‘अंमल’ हा मूळचा अरबी शब्द. अर्थ काम, कृती. मराठीत तो सत्तेलाही लागतो आणि भांगेच्या कैफालाही. सत्ता आणि कैफ एकाच शब्दात बसविणाऱ्या लोकांच्या मार्मिकतेचे कौतुक वाटते! ‘प्रिव्हेल’ची बळ आणि व्याप्ती ही दोन्ही अंगे सांभाळणारा याहून जवळचा शब्द प्रस्तुत लेखकास तरी आढळलेला नाही. राजभाषेच्या धोरणाविषयीच्या मराठी परिपत्रकांतही ‘अंमलबजावणी’ हाच शब्द वापरला जातो.