उत्तर मुकुटातली रिकामी जागा

सेक्टर २२ च्या गच्चीवरून तारे मोजकेच दिसतात. खाली शास्त्री मार्केट, चहूकडे शहराचा उजेड. पण जूनच्या रात्री उत्तर मुकुट चंडीगडच्या जवळजवळ डोक्यावर येतो, आणि तिथलं आकाश त्यातल्या त्यात काळं. स्वातीकडून शौरीकडे जाताना वाटेत हे अर्धवर्तुळ लागतं. द्विनेत्री लावायची, त्यातल्या एप्सिलॉन ताऱ्याजवळ एखादा जास्तीचा ठिपका आलाय का ते बघायचं. नसला तर जो सगळ्यात अंधूक तारा दिसला त्याची प्रत लिहून ‘याहून अंधूक’ अशी नोंद करायची. न दिसण्याचीही नोंद लागते, हे नवख्यांना पटत नाही.

तिथे टी कोरोनी बोरियालिस आहे. एरवी दहाव्या प्रतीचा, इथून न दिसणारा. १८६६ आणि १९४६ साली मात्र तो नुसत्या डोळ्यांना ठळक दिसला आणि आठवडाभरात पुन्हा नाहीसा झाला. तिथे एक श्वेत बटू शेजारच्या लाल राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन अंगावर ओढून घेतो. थर साचतो, तळाशी तापतो आणि एकदम पेटतो. दूध उतू जातं, पातेलं शाबूत राहतं. हा नवतारा.

पातेल्यासकट सगळं जातं ती गोष्ट वेगळी, तो अतिनवतारा. श्वेत बटूचं वस्तुमान सूर्याच्या १.४ पटींजवळ गेलं की आतला कार्बन पेटून अख्खा तारा उधळू शकतो. ही मर्यादा खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांची. जन्म १९१०, लाहोर. ज्या लाहोरच्या बदल्यात पंजाबला हे शहर बांधावं लागलं, तेच. तिसरा प्रकारही अतिनवताराच, पण प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्यांचा: लोखंडाचा गाभा सेकंदाच्या आत कोसळतो, मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर राहतं.

द्विनेत्रीत तिन्ही नुसते ठिपकेच. फरक वर्णपट सांगतो. अतिनवताऱ्यात हायड्रोजन नाही पण सिलिकॉन ठळक, तर श्वेत बटू संपला. हायड्रोजन भरपूर, तर बहुधा गाभा कोसळला. नवताऱ्यांकडे रेडिओनेही बघतात: आरएस ऑफियुची २००६ साली पेटला तेव्हा नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने त्याच्या कमी वारंवारतेच्या लहरी टिपल्या.

जुलैत पाऊस येतो, मग वहीत नुसतं ‘ढग’. नेमका तेव्हाच टी कोरोनी बोरियालिस पेटला तर पहिली बातमी बहुतेक जपानमधून येईल; २०२३ च्या मे महिन्यात एम १०१ दीर्घिकेतला अतिनवतारा तिथल्याच कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने पकडला होता.