टाचणीखालची चिठ्ठी

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात चिरिकावा नावाची जी पर्वतराजी आहे, तिच्या पायथ्याशी काटेरी झुडपांचे तप्त वाळवंट पसरलेले असून सुमारे २,९७५ मीटर उंचीच्या माथ्याकडे सूचिपर्णी वृक्षांचे शीतल अरण्य आहे. तेथील पोर्टल या खेड्याजवळ न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’ने १९५५ साली संशोधन केंद्र स्थापिले, आणि या परिसरातील मधमाश्या टाचणीला लागून निरनिराळ्या संग्रहालयांच्या दप्तरी दाखल होत राहिल्या.

या माश्यांपैकी बहुतेकींना पोळे नाही, राणी नाही. मादी एकटीच बीळ खणून संततीपुरती परागाची शिदोरी साठवते. मधमाश्यांचे वैविध्य वर्षावनांपेक्षा रुक्ष प्रदेशांत अधिक, ही सृष्टीची विलक्षण रीत. जवळच, मेक्सिकोच्या सीमेवरील सान बर्नार्डिनो खोऱ्यात, अवघ्या १६ चौरस किलोमीटरांत ४९७ जातींची नोंद झाली आहे.

टाचणीखालच्या नखाएवढ्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख, संग्राहकाचे नाव आणि, तो साक्षेपी असेल तर, माशी ज्या फुलावर सापडली त्याचेही नाव असते. हा शेवटचा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अनेक जाती आपली पिले एखाद्याच वनस्पतिगणाच्या परागावर पोसतात.

मात्र दप्तरात नाही म्हणून रानातही नाही, असा निवाडा करण्याची घाई होऊ नये. पोर्टलचेच नाव मिळालेली ‘मॅक्रोटेरा पोर्टॅलिस’ ही माशी पाहा. जास्वंदीच्या कुळातील ‘स्फेराल्सिया’च्या परागावर वाढलेल्या तिच्या अळ्या पावसाची ओल लागल्यावर माश्या होऊन बाहेर येतात, पण त्याही सगळ्या एकदम नव्हेत, काही अळ्या पुढल्या वर्षाच्या भरवशावर भूमीतच निजून राहतात. तिच्या नरांतही दोन प्रकार असतात: लहान डोक्याचे नर उडतात, फुलांवर येतात आणि संग्राहकाच्या जाळ्यात सापडतात; प्रचंड डोक्याचे, उडण्याची शक्ती गमावलेले नर मात्र बिळातच परस्परांशी झुंजतात, आणि कोणी माती खणल्यावाचून त्यांची साक्ष दप्तरी लागणे शक्यच नाही. म्हणून एका उन्हाळ्याच्या झडतीपेक्षा अनेक दशकांच्या, अनेक हातांच्या नोंदींना अधिक वजन द्यावे लागते.

जुन्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदा ‘पोर्टलच्या पश्चिमेस पाच मैल’ एवढेच लिहिलेले असते. सपाट मुलखात तेवढ्याने भागले असते. येथे मैलभराच्या फरकाने वाळवंट सरून ओकवृक्षांची राई लागते. उष्मा वाढत असता कोणती जात चढण चढू लागली, हे ठरवायचे तर त्या पाच मैलांना अक्षांश, रेखांश आणि उंची यांची जोड द्यावी लागते, आणि त्यासाठी संग्राहकाची रोजनिशी व तत्कालीन नकाशे समोर ठेवून एकेक चिठ्ठी पुन्हा वाचावी लागते.