समुद्रतळाखालचा खडक वाजवून पाहताना

मडके विकत घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत वाजले तर पक्के भाजलेले, बद्द वाजले तर कुठेतरी तडा. समुद्रतळाखालचे खडकही शास्त्रज्ञ असेच वाजवून पाहतात. फरक एवढाच, की ते आवाज कसा आहे हे ऐकत नाहीत. तो खडकातून आरपार जायला किती वेळ लागला हे मोजतात.

याची गरज का पडते? सर्वेक्षणाचे जहाज दाबाखालची हवा एकदम पाण्यात सोडते. त्या धक्क्याच्या लहरी तळाखालच्या थरांवरून परावर्तित होऊन परत येतात आणि जहाजामागच्या तारेत गुंफलेले ध्वनिग्राहक त्या टिपतात. पण नोंद होते ती वेळेची, खोलीची नव्हे. समजा, समुद्रतळापासून एखाद्या थरापर्यंत जाऊन परत यायला लहरीला १ सेकंद लागला. वेग सेकंदाला १६०० मीटर धरला, तर तो थर ८०० मीटर खाली आहे; २००० मीटर धरला, तर १००० मीटर. वेग ठाऊक नसेल, तर नकाशावरची खोली हा केवळ अंदाज ठरतो.

आपल्याजवळचेच उदाहरण घेऊ. २०१५ साली एप्रिल-मे महिन्यांत ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या संशोधन-जहाजाने अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात खोदकाम केले. मोहीम आंतरराष्ट्रीय होती. तिच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक गोव्यात वास्को येथील, आज राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतले होते. साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, तळाच्याही आत अकराशे मीटरपर्यंत छिद्रे घेतली गेली. एक मोठा प्रश्न होता तो खोऱ्याच्या बुडाशी असलेल्या कवचाचा: ते महासागरी आहे, की भारतापासून ताणून पातळ झालेले खंडीय? आपला पश्चिम किनारा कसा घडला, याचे उत्तर त्यात दडलेले आहे.

खोदताना खडकाचे दंडगोल नमुने वर येतात. गाळाचे नमुने प्लास्टिकच्या नळीत असतानाच दोन संवेदकांमध्ये धरतात. कठीण खडकाचे छोटे घन कापून घेतात. एका बाजूचा स्फटिक विजेच्या स्पंदाने थरथरतो, दुसऱ्या बाजूचा ती थरथर पकडतो. अंतर भागिले वेळ म्हणजे वेग. मऊ गाळात तो पाण्याइतकाच, सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. घट्ट बेसाल्टमध्ये ५००० मीटरच्या आसपास.

सूत्र शाळकरी आहे, पण मापन नाजूक. २ सेंटिमीटरचा बेसाल्टचा घन लहर अवघ्या ४ मायक्रोसेकंदांत ओलांडते. घड्याळ १ मायक्रोसेकंदाने चुकले, तर ५००० चे ४००० होतात. म्हणून आधी दोन्ही संवेदक एकमेकांना टेकवून उपकरणाचाच विलंब मोजतात आणि तो वजा करतात. नमुना कोरडा पडू देत नाहीत. भेगांत पाण्याऐवजी हवा शिरली, तर वेग घटतो. थरांच्या दिशेने आणि थरांना छेदून वेग निरनिराळा असू शकतो, म्हणून घन तिन्ही दिशांनी मोजतात.

एवढे करूनही खडक आपल्या घरी नसतो. खाली त्याच्यावर प्रचंड दाब होता. वर येताच बारीक भेगा उघडतात. दाबाखाली त्या मिटतात आणि वेग वाढतो, हे फ्रान्सिस बर्च यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत सुमारे दहा हजार वातावरणांच्या दाबापर्यंत दाखवले. उलट दिशेचीही चूक संभवते. मोहिमेत एका छिद्रात सुमारे १६ मीटर बेसाल्ट खोदला गेला, पण त्यातला साधारण निम्माच हाती आला. असे होते तेव्हा बहुधा भेगाळलेला भाग निसटतो आणि टणक तेवढा उरतो. टणक तुकड्याचा वेग साऱ्या थराला लावला, तर थर आहे त्याहून मजबूत भासेल.

वर्गात दोन गैरसमज नेहमी भेटतात. ‘घनता जास्त म्हणून वेग जास्त’ हा पहिला. खरे तर निव्वळ घनता वाढली, तर वेग कमी होतो. वेग वाढवतो तो खडकाचा ताठरपणा. बेसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड आहे, पण त्याचा ताठरपणा त्याहून कितीतरी पटींनी अधिक आहे. दुसरा गैरसमज शब्दातून येतो. ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ लहरी म्हटले, की विद्यार्थ्यांना महत्त्वाची उतरंड वाटते. तो केवळ पोहोचण्याचा क्रम आहे: आधी येणारी ती प्राथमिक. दुय्यम लहर द्रवातून जातच नाही, हीच तिची मोठी उपयुक्तता.

मग लक्ष्मी खोऱ्याचा प्रश्न वेगाने सुटला का? एकट्या वेगाने नाही. निरनिराळ्या खडकांचे वेग सारखे असू शकतात. म्हणून रासायनिक घटक, चुंबकत्व, वय यांचीही साक्ष काढावी लागते, आणि या कवचाविषयीची चर्चा मोहिमेनंतरही चालू राहिली. पण हातात घेऊन मोजलेल्या एका तुकड्यामुळे शेकडो किलोमीटरच्या नकाशाला टेकू मिळतो. मडके वाजवून घेणारा मडके कुठल्या मातीचे हे सांगू शकणार नाही कदाचित. पण फसण्याचा धोका मात्र तो बराच कमी करतो.