न काढलेला अडसर

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मोझेस लेक गावाजवळ हवाई दलाचा लार्सन तळ होता. २० डिसेंबर १९५२ रोजी तेथून सी-१२४ ग्लोबमास्टर हे अजस्र वाहतूक विमान निघाले. आत ११५ माणसे; बहुतेक जवान, नाताळासाठी घरी निघालेले. जमीन सोडताच विमान कोसळले व ८७ जण दगावले. तोवर एकाही विमान अपघातात एवढी माणसे गेली नव्हती.

चौकशीत निघालेले कारण अगदी साधे होते. उभ्या विमानाच्या पंखांवरील व शेपटीवरील हलत्या झडपा वाऱ्याने आपटू नयेत म्हणून त्यांना अडसर घालतात. उड्डाणापूर्वी तो काढायचा. येथे तो काढलाच नव्हता. आमच्याकडे सोडलेल्या बैलगाडीच्या चाकाला धोंडा लावतात. तो काढायचा विसरला तर गाडी हलत नाही, चूक जागच्या जागी कळते. विमानाची चाके मात्र मोकळीच असतात. ते धावते, वेग घेते, आणि वर गेल्यावर वैमानिकाच्या हाताला दाद देत नाही.

मला चुटपुट लागली ती निराळ्याच गोष्टीने. १९३५ साली ओहायोतील डेटन येथे बोइंगचे एक नवे बॉम्बफेकी विमान याच चुकीने पडले होते. त्यातूनच उड्डाणापूर्वी यादी वाचून एकेक गोष्ट तपासण्याची पद्धत रूढ झाली. मोझेस लेकची घटना त्यानंतर सतरा वर्षांनी घडली.