खेळ विंडोजचा, मैदान लिनक्सचं

‘निअर : ऑटोमाटा’ हा जपानी गेम २०१७ साली पीसीवर आला, तो फक्त विंडोजसाठी. जर्मनीतल्या फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली होती आणि त्याला हा गेम खेळायचाच होता. दुसऱ्या कुणी विंडोज टाकून विषय संपवला असता. यानं गेम आणि लिनक्स यांच्यामध्ये बसणारा एक नवा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. त्याचं नाव डीएक्सव्हीके. आज लिनक्सवर विंडोजचे हजारो गेम चालतात, त्यामागे या हट्टाचा मोठा वाटा आहे.

ही करामत दिसते तेवढी गूढ नाही. विंडोज असो वा लिनक्स, आतला प्रोसेसर तोच असतो आणि गेमचा बहुतेक कोड त्याला थेट समजतो. अडतं ते गेमच्या मागण्यांपाशी : ही फाइल उघड, इथे खिडकी काढ, हा त्रिकोण रंगव. या मागण्या विंडोजच्या पद्धतीनं केलेल्या असतात. १९९३ पासून विकसित होत असलेला ‘वाइन’ हा प्रोग्रॅम दुभाष्यासारखा मध्ये उभा राहून त्या लिनक्सच्या पद्धतीनं पुरवतो. चित्रं रंगवण्यासाठी विंडोजवर डायरेक्टथ्रीडी वापरतात. डीएक्सव्हीके त्या आज्ञा व्हल्कन या खुल्या प्रणालीत बदलतो. प्रोसेसरची नक्कल करावी लागत नाही, म्हणून वेग फारसा घटत नाही.

या खटाटोपात पैसा ओतला तो ‘स्टीम’ हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं. यात परोपकार कमी, धास्ती जास्त. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ॲप-दुकान आलं आणि व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल, जे स्वतः पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्येच होते, जाहीरपणे बिथरले. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं, २०१५ मध्ये ‘स्टीम मशीन’ नावाचे लिनक्सवाले संगणक बाजारात आले आणि सपशेल आपटले. मूठभर गिऱ्हाइकांसाठी गेमची वेगळी आवृत्ती कोण काढणार? धडा घेऊन व्हॉल्व्हनं गेम कंपन्यांच्या विनवण्या थांबवल्या. वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर तुकडे एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणलं. सुरुवातीला तपासून मान्य केलेले गेम होते अवघे २७.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचं यंत्र आलं, तेही लिनक्सवरच. त्याच आठवड्यात ‘एल्डन रिंग’ प्रसिद्ध झाला. विंडोजवर तो अधूनमधून अडखळत होता. व्हॉल्व्हच्या अभियंत्यांनी प्रोटॉनमध्ये दुरुस्ती केली आणि विंडोजसाठी बनलेला गेम काही दिवसांतच डेकवर अधिक सुरळीत चालू लागला!

मग अडचण कुठे आहे? ऑनलाइन सामन्यांत. लबाडी पकडणारे ॲन्टी-चीट प्रोग्रॅम अनेकदा विंडोजच्या गाभ्यात शिरून पहारा देतात. ‘व्हॅलोरंट’चा पहारेकरी त्यातलाच, त्यामुळे तो गेम लिनक्सवर चालत नाही. ‘ईझी ॲन्टी-चीट’ २०२१ पासून प्रोटॉनला साथ देऊ शकतो, पण तशी परवानगी गेमच्या कंपनीनं द्यावी लागते. गंमत म्हणजे तो ज्या एपिक कंपनीच्या मालकीचा आहे, तिचा स्वतःचा ‘फोर्टनाइट’ लिनक्सवर बंदच आहे. ‘एपेक्स लेजंड्स’ आधी चालत असे. २०२४ मध्ये लबाडीचं कारण देऊन त्याचंही दार लावलं गेलं. यंत्राला जमत नाही म्हणून नव्हे, तर कंपनीला नको म्हणून हे शेवटचे दोन गेम बंद आहेत.

रोजच्या कामाचं चित्र बरंच सोपं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. अशा यंत्रावर लिनक्स मिंट मजेत चालतं. ब्राउझरमधलं बँकेचं काम, व्हिडिओ कॉल, लिबरऑफिसमधली पत्रं यांत फारसं काही वेगळं वाटत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो, त्यामुळे मराठी टायपिंगही अडत नाही. अडतो तो व्यवसाय. फोटोशॉप, इनडिझाइन किंवा श्रीलिपीवर ज्याचं डीटीपी उभं आहे, त्यानं या फंदात पडू नये.

इतरांना पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहता येतं. हार्ड डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का, झोपवलेला लॅपटॉप पुन्हा जागा होतो का, हे तेव्हाच तपासावं. आवडते गेम चालतील का, ते ‘प्रोटॉनडीबी’ या संकेतस्थळावर खेळाडूंनीच नोंदवून ठेवलेलं असतं. घरात कुणी व्हॅलोरंट खेळत असेल, तर मात्र विंडोजचं पार्टिशन पुसू नये.