साठलेली चिल्लर कमिशन न देता कशी बदलायची?

घरातला गल्ला फोडला, पण ही चिल्लर घेणार कोण? कमिशन कापून नोटा देणाऱ्याकडे जायची गरज नाही. नेवाशात असो वा मुंबईत, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेच्या शाखेला नाणी नाकारता येत नाहीत. ती खात्यात भरा किंवा बदल्यात नोटा मागा.

शाखा का कुरकुरतात? मोजणी आणि जागा. शिर्डीच्या दानपेटीतली नाणी ठेवायला बँकांना जागा अपुरी पडल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. म्हणून शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या करून न्या.

दहाच्या नाण्याच्या सर्व नक्षी चालतात. २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद आहेत.

नकार मिळाला तर बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यालाही शुल्क नाही.