मोठी रिमोट गाडी : आधी दुरुस्ती, मग सुधारणा



आपल्या बडोद्यातल्या काही मराठी घरांत अलीकडे एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. अमेरिकेत किंवा कॅनडात असलेली मुले सुट्टीत येताना पोरांसाठी रिमोटवर चालणारा मोठा ‘मॉन्स्टर ट्रक’ घेऊन येतात. मुले परत जातात, गाडी इथेच राहते आणि दोन-तीन महिन्यांत ती बंद पडून माळ्यावर जाते. दुकानात चौकशी केली तर कोणी म्हणते टाकून द्या, कोणी म्हणते अमुक भाग मागवा, तमुक बदला. मूळ गाडीच्या निम्मी किंमत सुट्या भागांत जाते आणि तरीही ती चालत नाही.

आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी (कोणी बँकेतला, कोणी कारखान्यातला फिटर, कोणी वीज खात्यातला) रविवारी सकाळी अशा गाड्या उघडून बसतो. त्यातून जे समजले ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

हे खेळणे म्हणजे नेमके काय

मूळ मॉन्स्टर ट्रक खराखुरा. अमेरिकेतल्या सेंट लुईस भागातील बॉब चँडलर यांनी १९७०च्या दशकात आपल्या फोर्ड एफ-२५० पिकअपला एकाहून एक मोठी चाके बसवली. तीच ‘बिगफूट’. पुढे जुन्या मोटारींवरून अशा गाड्या नेण्याचे खेळ तिथे लोकप्रिय झाले. जपानच्या तामिया कंपनीने १९८७ साली ‘क्लॉड बस्टर’ ही मूळ गाडीच्या एकदशांश मापाची रिमोट गाडी आणली. त्यानंतर ही खेळणी वाढत गेली. टेक्ससमधील ट्रॅक्सस कंपनीची २०१५ सालची ‘एक्स-मॅक्स’ हे मोठ्या मापाचे आजचे परिचित उदाहरण. लांबी सुमारे ७८ सेंटिमीटर, बॅटऱ्यांसह वजन १० किलोच्या आसपास आणि कंपनी सांगते तो कमाल वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर.

आता थोडे गणित करू. १० किलोची वस्तू ताशी ८० किलोमीटर वेगाने आली तर तिच्यात जितकी शक्ती असते, तितकीच ५० किलोची गव्हाची गोणी ५ मीटर उंचीवरून पडली तर असते. म्हणून पहिला नियम असा की ही गाडी मोकळ्या मैदानातच चालवावी. कमाटीबागेत सकाळी फिरणाऱ्यांच्या पायांत किंवा सोसायटीच्या आवारात ती कधीही चालवू नये. रिमोट आधी चालू करायचा आणि शेवटी बंद करायचा. गाडी उघडून काम करताना बॅटरी काढून ठेवायची.

लहान गाडीचा अनुभव इथे का चालत नाही

पुष्कळजण लहान गाडीवर शिकलेले असतात आणि तेच उपाय मोठीवर करतात. पण माप दुप्पट झाले की वजन दुप्पट होत नाही, आठपट होते, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वाढतात. भार सोसणाऱ्या दांड्याचा छेद मात्र चौपटच होतो. म्हणजे प्रत्येक भागावरचा ताण दुप्पट झाला. लहान गाडी टेबलाइतक्या उंचीवरून पडली तर तिला काही होत नाही. मोठी तशीच पडली तर एखादा आर्म किंवा एक्सल जातो. तेव्हा मोठ्या गाडीत मोडतोड झाली म्हणजे माल वाईटच होता असे समजू नये.

खर्चाचे दोन रकाने

बँकेतल्या माणसाची सवय म्हणा, आम्ही प्रत्येक गाडीसाठी एक वही ठेवतो. तिच्यात दोन रकाने असतात. गाडी होती तशी करण्यासाठी लागलेला पैसा हा महसुली खर्च. ती मूळच्यापेक्षा अधिक बळकट किंवा वेगवान करण्यासाठी लागलेला पैसा हा भांडवली खर्च. आमचा दंडक एवढाच की पहिला रकाना पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यात एक रुपयाही मांडायचा नाही. बहुतेक घरांत नेमके उलटे होते. बेअरिंग अडकलेले असते आणि मागवली जाते मोठी मोटर.

दुरुस्तीचा क्रम

१. साफसफाई. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढावी. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द विजेच्या भागांना लागू असतो, बेअरिंगना नव्हे. पाण्यातून गाडी आली तर त्याच दिवशी पुसून, वाळवून बेअरिंगना तेल द्यावे.

२. बेअरिंग. चाक हाताने फिरवून कानाजवळ ऐकावे. खरखर आली किंवा चाक लगेच थांबले तर ते बेअरिंग काढून धुवावे, नाहीतर बदलावे. अडकलेले बेअरिंग उष्णता धरते आणि आपल्याभोवतीचे प्लास्टिक खराब करते. थोड्या पैशांच्या वस्तूपायी महागडा भाग जातो.

३. स्क्रू. या गाड्यांना मिलिमीटर मापाच्या चांगल्या पोलादी ॲलन की लागतात. झिजलेल्या कीने स्क्रूचे डोके गोल होते आणि मग सगळेच अडते. धातूत धातू बसतो तिथे स्क्रू सुटू नये म्हणून निळ्या रंगाचे मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर एक थेंब लावावे. प्लास्टिकमध्ये ते लावू नये, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवावा. ‘टक्’ करून तो जुन्या आट्यात उतरला की मग सुलटा आवळावा. नाहीतर नवे आटे पडतात आणि दोन-तीन वेळांत भोक सैल होते.

४. गिअर. मोटरच्या दांड्यावरचे छोटे चक्र म्हणजे पिनियन आणि ते ज्याला फिरवते ते मोठे चक्र म्हणजे स्पर. ज्या गाडीत या दोघांतले अंतर हाताने ठेवावे लागते, तिथे वहीच्या कागदाची पट्टी दोघांमध्ये घालून मोटर आवळावी आणि पट्टी काढून घ्यावी. अंतर जास्त झाले तर दात घासून जातात. कमी झाले तर गाडी करकरते आणि मोटर तापते.

५. डिफरन्शियल. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, त्यासाठी ही योजना असते. पण एक चाक हवेत गेले की सगळा जोर त्या मोकळ्या चाकात वाया जातो. त्याला आवर घालण्यासाठी आत घट्ट सिलिकॉन तेल असते. बाटलीवरचा आकडा जितका मोठा तितके तेल घट्ट. तेल गळून गेले असेल तर एक चाक गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. अनेकजण याला मोटरचा दोष समजतात. वस्तुतः एक रबरी रिंग आणि थोडे तेल एवढेच काम असते.

६. वीज. स्टिअरिंग वळते पण गाडी पुढे जात नाही, तर रिसीव्हर ठीक आहे असे समजून स्पीड कंट्रोलर आणि मोटर यांच्याकडे पाहावे. मोटर थरथरते पण फिरत नाही, तर तिच्या तीन तारांपैकी एक बहुधा सैल आहे. मोटर उलटी फिरत असेल तर सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की ती सुलटी फिरते. काहीच होत नसेल तर मल्टिमीटर आधी बॅटरीला लावावा.

सुधारणा करताना : जोर पुढच्या भागावर जातो

आता भांडवली खर्चाकडे येऊ. एका घरातली गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात पुष्कळ भाग नवे होते. आधी वेगात फुगू नयेत म्हणून आतून पट्टा असलेले टायर बसवले होते. टायर जड झाले, म्हणून स्टिअरिंगचा सर्वो कमी पडू लागला. मग जोरदार सर्वो आला. धक्का बसला की त्याला थोडी ढील देणारी एक स्प्रिंग असते, ती ‘स्टिअरिंग सैल वाटते’ म्हणून कचकचून आवळली गेली. पुढे प्लास्टिकचे आर्म मोडले, म्हणून ॲल्युमिनियमचे घातले. मग ॲल्युमिनियमचे आर्म वाकले आणि ते ज्यात बसतात तो मुख्य सांगाड्याचा भाग फुटला.

यात कोणताही भाग खोटा नव्हता. धक्का तेवढाच होता, तो फक्त एका भागाकडून दुसऱ्याकडे सरकत गेला. चांगल्या नायलॉनचा आर्म लवचिक असतो, तो वाकून परत सरळ होतो आणि फारच झाले तर स्वतः मोडून सांगाडा वाचवतो. विजेच्या फ्यूजचे काम तो करतो. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी जाड तार घालणे जसे धोक्याचे, तसेच हे. आम्ही त्या गाडीला मूळ जातीचे आर्म परत बसवले आणि ती स्प्रिंग सैल केली. टायर नवे ठेवले, कारण ते खरोखर उपयोगी होते. गाडी आजही धावते आहे.

म्हणून सुधारणेआधी एकच प्रश्न विचारावा : हा भाग बळकट झाला की जोर कुठे जाणार? त्याचे उत्तर मिळाले तरच पैसे काढावेत.

पिनियनचेही असेच आहे. २० दातांच्या जागी २४ दातांचे बसवले की वेग कागदावर २० टक्क्यांनी वाढतो. पण तोच जोर चाकाला द्यायला मोटर २० टक्के जास्त करंट ओढते आणि तारांतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १.२ गुणिले १.२ म्हणजे १.४४, अर्थात ४४ टक्के जास्त उष्णता. बडोद्याच्या मे महिन्यात सावलीतच ४२ अंश असताना हे व्याज परवडत नाही. उन्हाळ्यात आम्ही उलट एक-दोन दात कमी करतो आणि मोटर ८० अंशांच्या आसपास गेली की गाडी थांबवतो. तापमान पाहायला औद्योगिक इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. कोरोनाच्या दिवसांत घेतलेला कपाळाचा थर्मामीटर माणसाच्या तापापुरताच असतो.

बॅटरीबाबत तडजोड नाही

मोठ्या गाड्यांत सहसा चार सेलच्या दोन लिथियम पॉलिमर बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात. एका सेलचे सरासरी ३.७ व्होल्ट धरले तर आठ सेलचे २९.६ आणि पूर्ण भरल्यावर ३३.६ व्होल्ट होतात. घरात मुले असतील तर पुढील गोष्टी लिहून भिंतीवर लावाव्यात.

सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये आणि ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. आठवडाभर गाडी चालणार नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. चार्जर सेल समतोल ठेवणारा असावा. ५००० एमएएचची बॅटरी ५ ॲम्पिअरने भरणे हे सुरक्षित प्रमाण. चार्जिंग फरशीवर करावे, गादीवर किंवा सोफ्यावर नव्हे, आणि ते चालू असताना घराबाहेर जाऊ नये किंवा झोपू नये. जोडीतल्या दोन्ही बॅटऱ्या एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या असाव्यात, कारण कमजोर बॅटरी आधी रिकामी होते आणि दुसरी तिला ओढतच राहते. फुगलेली बॅटरी म्हणजे बुडीत खाते. ती ‘अजून थोडी चालेल’ म्हणून ठेवायची नाही. टोचून पाहायची नाही आणि कचऱ्याच्या गाडीतही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

परदेशातून बॅटरी आणणाऱ्या मुलांना आधीच कळवावे की सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानातच चालते, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत विशेष परवानगी लागत नाही. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास केले की हा आकडा मिळतो. १४.८ व्होल्ट आणि ५ ॲम्पिअर-तास म्हणजे ७४, ती मर्यादेत बसते.

बडोद्यात काय करून मिळते

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हापासून या गावात हाताने काम करणाऱ्यांची परंपरा आहे. मकरपुरा जीआयडीसीत लेथवर बुश, स्पेसर, वॉशर मापाप्रमाणे करून मिळतात. जुना तुकडा आणि व्हर्निअरने घेतलेले माप बरोबर न्यावे. एक्सल आणि गिअर मात्र साध्या माइल्ड स्टीलचे करून घेऊ नयेत, ते पिळतात. ईएन-२४सारखे मिश्र पोलाद आणि योग्य कडकपणा देण्याची सोय असेल तरच करावेत, नाहीतर कंपनीचाच भाग मागवावा.

शेवटी

माळ्यावरची गाडी काढा, पुसा आणि वरचा क्रम लावून पाहा. बऱ्याच वेळा दोन बेअरिंग, थोडे तेल आणि एक सैल तार एवढ्यावर काम भागते. मुलांना सोबत बसवा. स्क्रू कुठला कुठे होता याचा कागदावर नकाशा काढणे आणि झालेला खर्च वहीत लिहिणे, ही दोन कामे त्यांच्याकडेच द्या. मोडलेली वस्तू टाकण्याआधी उघडून पाहावी, ही सवय त्यांना यातून लागते आणि ती पुढे स्कूटर, मिक्सर, पंखा सगळीकडे कामी येते.

कोणाला अडचण आली तर गाडी, तिचा रिमोट आणि चार्जर घेऊन रविवारी सकाळी आमच्याकडे यावे. बॅटरी मात्र पूर्ण भरून आणू नये.